सर्पगंधा: मुळीची मागणी आणि रानाची ताकद

गुडघ्याएवढ्या उंचीचं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं एक लहानसं झुडूप. पेरापेरावर तीन-तीन पानांचं वलय. पानं वरून चकचकीत हिरवी, खालून फिकट. लालसर देठांवर पांढऱ्या-गुलाबी फुलांचे झुपके आणि त्यामागून येणारी, पिकली की जांभळट काळी होणारी वाटाण्याएवढी फळं. कन्हेर आणि सदाफुली तिच्याच कुळातल्या. रानातून जाणाऱ्याची नजर थबकावी असं सर्पगंधेत फारसं काही नाही. तिचं सगळं मोल जमिनीखाली, वेडीवाकडी वळणं घेत वीतभर ते हातभर खोल जाणाऱ्या कडू मुळीत साठलेलं असतं.

हिरड्याची, बेहड्याची फळं गोळा करता येतात, अडुळशाचा पाला खुडता येतो, अर्जुनाची सालही जपून काढली तर झाड तगतं. सर्पगंधेची मुळी घ्यायची तर झाड उपटावंच लागतं. तिच्या औषधी वापराबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिलं जातं आणि तिच्या लागवडीबद्दलही वेगळ्या पुस्तिका निघतात. पण दोन्ही गोष्टी एकत्र मांडलेल्या क्वचितच वाचायला मिळतात. माझ्या मते त्या एकत्रच मांडायला हव्यात. किती लोकांनी ही मुळी घ्यावी, कोणत्या रूपात घ्यावी आणि ती कुठून यावी, यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर बाकीच्या दोघांना सोडून देता येत नाही.

राऊवोल्फिया सर्पेंटिना हे तिचं शास्त्रीय नाव. मराठी मुलखात हरकाया आणि अडकई, हिंदी पट्ट्यात छोटा चांद, चंद्रभागा, धवलबरुआ अशा नावांनी ती ओळखली जाते. हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत, पूर्व आणि पश्चिम घाटात, कोकणात, गोव्यात, खाली केरळपर्यंत आणि अंदमानातही ती आढळते. देशाबाहेर श्रीलंका, म्यानमार, थायलंड, इंडोनेशिया ही तिची घरं. समुद्रसपाटीपासून साधारण हजार-बाराशे मीटर उंचीपर्यंतचं ओलसर पानझडी जंगल, कुजलेल्या पालापाचोळ्याची माती आणि झिरपत येणारं ऊन तिला मानवतं. जंगल तोडून मोकळं केलं की ती काही वर्षं तग धरते, पण वणवा, गुरांची तुडवणी आणि उपटणारे हात यांच्यापुढे टिकत नाही.

सर्पगंधा हे नाव चरक-सुश्रुतांच्या संहितांत विषावरच्या द्रव्यांमध्ये येतं. ती सर्पगंधा आणि आजची सर्पगंधा एकच का, याबद्दल द्रव्यगुणाच्या अभ्यासकांत मतभेद आहेत, आणि ते खोटे नाहीत. सापाशी नातं सांगणाऱ्या सापसणीसारख्या (हिलाच ईश्वरी म्हणतात) दुसऱ्या वनस्पतीही आपल्याकडे आहेत आणि जुन्या ग्रंथांत वर्णनं त्रोटक असतात. त्यामुळे ‘तीन हजार वर्षांपासून रक्तदाबावर वापरलेलं औषध’ अशी जी जाहिरातवजा वाक्यं कानावर येतात, ती जपून घ्यावीत. रक्तदाब मोजण्याचं साधनच एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोजच्या वापरात येण्याजोगं झालं. जुन्या वैद्यांना दिसत होती ती लक्षणं: झोप न लागणं, डोकं तापणं, भ्रम, उन्माद, ज्वर, पोटातली कळ, आव. त्यांवर ही मुळी दिली जात होती. अडलेल्या बाळंतपणात कळा वाढवण्यासाठीही तिचा वापर नोंदलेला आहे.

लेखी पुरावा भक्कमपणे हाताशी येतो तो गोव्यात. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहून इथल्या औषधींवर संवादरूपाने लिहीत होता. त्याचा ग्रंथ 1563 मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात सापाच्या विषावर वापरल्या जाणाऱ्या, सिंहलद्वीपातून येणाऱ्या काही मुळ्यांचं वर्णन आहे आणि त्यांतली एक मुळी म्हणजे सर्पगंधा असं बहुतेक अभ्यासक मानतात. नागाशी झुंजण्याआधी मुंगूस ही मुळी खातो, ही कथाही तिथे आहे. पुढे सतराव्या शतकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीतला जर्मन निसर्गअभ्यासक रुम्फियस याने इंडोनेशियातल्या अंबोईनात बसून जवळपास तीच कथा नोंदवली. मुंगसाची गोष्ट भारत, लंका, जावा अशी सगळीकडे फिरली आणि कोकणातले जुने लोक आजही ती सांगतात.

सापाच्या विषाबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या विषावर सर्पगंधा चालते याला पुरावा नाही. मुंगूस नागाशी झुंजतो तो चपळाईवर आणि त्याच्या शरीरात विषाला दाद न देणारी जी जैविक रचना आहे तिच्या जोरावर. भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सुमारे 12 लाख माणसं सर्पदंशाने दगावली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. हे मृत्यू प्रामुख्याने गावांत होतात आणि उपचाराला झालेला उशीर हे त्यांचं मोठं कारण असतं. मुळी उगाळण्यात गेलेला अर्धा तास त्या उशिरात मिळतो. प्रतिविष हेच औषध आहे, आणि ते बनवण्याची मोठी परंपरा मुंबईच्या हाफकिन संस्थेची आहे. परंपरेबद्दल आदर असलेल्या माणसाने हे आधी सांगितलं पाहिजे, कारण सर्पगंधेच्या नावातच साप आहे आणि लोक त्या नावावर विश्वास ठेवतात.

परंपरेतली जी गोष्ट प्रयोगशाळेत खरी ठरली ती वेगळीच होती. बिहारमध्ये ही मुळी उघडउघड ‘पागल की दवा’ म्हणून विकली जायची. चिडचिड्या, न झोपणाऱ्या मुलांना आया ती चाटवत. मेंदूवर शांतवणारा परिणाम करणारं औषध म्हणून तिचा हा वापर घराघरांतला होता, आणि पुढे जे घडलं त्याची सुरुवात याच घरगुती निरीक्षणात आहे.

1931 हे वर्ष सर्पगंधेच्या इतिहासात दोनदा येतं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजच्या संशोधन संस्थेत सलीमुज्जमाँ सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी मुळीतून पाच अल्कलॉइड वेगळी काढली. कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांनीच सलीमुज्जमाँना या कामाला लावलं होतं. हकीमसाहेब 1927 मध्ये वारले होते, म्हणून यांतल्या तीन द्रव्यांना अजमलीन, अजमलिनीन, अजमलिसीन अशी त्यांच्या नावावरून नावं दिली गेली. त्याच वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं की ही मुळी उन्मादावर आणि वाढलेल्या रक्तदाबावरही गुणकारी आहे. रक्तदाबाशी तिचं नातं ठळकपणे जोडणारं हे पहिलं लेखन. नंतर 1933 मध्ये कलकत्त्याच्याच उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांतून तिचा रक्तदाब उतरवणारा गुण तपासला. 1934 मध्ये हिमालय कंपनीची ‘सर्पिना’ ही गोळी बाजारात आली.

हे सगळं इंग्रजांच्या काळात, थोड्या पैशांत, हकिमी, आयुर्वेद आणि आधुनिक रसायनशास्त्र यांच्या सहकार्याने झालं, याचा मला फार अभिमान वाटतो. पण जगाने ऐकलं नाही. ऐकायला लावलं मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाने. डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी सर्पगंधा दिलेल्या 50 रक्तदाब-रुग्णांची पद्धतशीर नोंद 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली. रक्तदाबावर सुरक्षित म्हणावं असं तोंडावाटे घ्यायचं औषध त्या वेळी जवळजवळ नव्हतंच. मीठ तोडणं, विश्रांती आणि काही ठिकाणी मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया, एवढेच मार्ग होते. त्यामुळे हा लेख बॉस्टनपर्यंत वाचला गेला, तिथे रॉबर्ट विल्किन्स यांनी औषध वापरून पाहिलं आणि दुजोरा दिला. वकील यांना 1957 मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला आणि पुढच्याच वर्षी पद्मभूषण. आज मुंबईतही त्यांचं नाव फार थोड्यांना माहीत आहे.

1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतलं सर्वांत प्रभावी द्रव्य वेगळं काढलं. ते रिसर्पिन. 1954 मध्ये न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड इस्पितळातल्या नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवरच्या वापराचा अहवाल दिला, आणि अनेक वर्षं बांधून, कोंडून ठेवलेल्या रुग्णांच्या कक्षात शांतता आल्याचं लोकांनी पाहिलं. बिहारमधल्या ‘पागल की दवा’ची ही पाश्चात्त्य ओळख. 1956 मध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी रिसर्पिन प्रयोगशाळेत संपूर्ण कृत्रिमरीत्या तयार केलं. रसायनशास्त्राचे विद्यार्थी ते काम आजही शिकतात, पण ती वाट इतकी लांबची होती की औषध मुळीतून काढणंच स्वस्त राहिलं. म्हणजे प्रयोगशाळेने रानावरचा भार हलका केला नाही.

रिसर्पिनचं खरं देणं कदाचित औषधापेक्षाही मोठं आहे. मज्जापेशींमध्ये सेरोटोनिन, नॉरॲड्रेनॅलिन, डोपामिन ही संदेशवाहक द्रव्यं लहान पिशव्यांत साठवलेली असतात. रिसर्पिन त्या साठवणीचं दार बंद करतं, साठा हळूहळू रिकामा होतो, नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, मन निवतं. हे कळल्यामुळे मेंदूतल्या रसायनांचा मनाशी संबंध प्रत्यक्ष दाखवता आला. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी 1957 मध्ये रिसर्पिनने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा देऊन उठवलं. त्यातून पार्किन्सनच्या आजारावरच्या उपचाराची वाट उघडली आणि 2000 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. रिसर्पिनसारखं काम करणारं पण सोप्या रचनेचं द्रव्य शोधताना हाती आलेलं टेट्राबेनाझीन हंटिंग्टनच्या आजारात अजूनही दिलं जातं. या साऱ्या साखळीचं पहिलं टोक आपल्या रानातल्या सावलीत आहे.

मग हे औषध मागे का पडलं? एक तर रिसर्पिन मनाला निववता निववता काहींना खोल उदासीनतेत ढकलतं. नाक चोंदणं, जुलाब, पोटातला व्रण चिघळणं, हातांना कंप, नाडी फार मंद होणं हे त्याचे इतर परिणाम. 1974 मध्ये स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध असल्याची शंका छापून आली. पुढच्या अभ्यासांत ती टिकली नाही, पण तोवर नाव बद्दू झालं होतं. नवी, अधिक सुटसुटीत औषधंही येत गेली. तरीही त्याला मोडीत काढणं अन्यायाचं होईल. वाढलेल्या रक्तदाबावर औषध दिल्याने झटके आणि मृत्यू टळतात हे नि:संशय दाखवणारी 1967 ची अमेरिकन चाचणी 143 पुरुषांवर झाली, आणि तिच्यातल्या तीन औषधांपैकी एक रिसर्पिन होतं. आपल्याकडच्या कित्येक घरांत आजोबांच्या औषधांच्या डब्यात ‘ॲडेल्फेन’ असायची, तिच्यातही रिसर्पिनच होतं. चीनमध्ये रिसर्पिन असलेल्या स्वस्त मिश्रगोळ्या अजूनही वापरात आहेत.

आयुर्वेदात आज सर्पगंधेचं चूर्ण आणि सर्पगंधा घनवटी निद्रानाश, उन्माद आणि रक्तदाब यांवर दिली जाते. चूर्णात रिसर्पिन एकटं नसतं. पन्नासाहून अधिक अल्कलॉइड सोबत असतात, म्हणून दोन्हींचा परिणाम तंतोतंत एकच मानता येत नाही. पण रिसर्पिनचे धोके चूर्णालाही लागू आहेत. काष्ठौषधींच्या दुकानातून पुडी आणून आपल्या मनाने घेण्याचं हे औषध नव्हे. उदासीनतेचा त्रास असलेले, पोटात व्रण असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांनी ते टाळायलाच हवं. रक्तदाबाच्या इतर गोळ्या चालू असतील तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगायला हवं. लहान मुलांना झोपवण्यासाठी मुळी चाटवण्याची जुनी रीत तर पूर्ण बंद झालेली बरी.

आता रानाचा हिशेब. शेतीविषयक साहित्यात बियांपासून वाढवलेल्या सर्पगंधेचं दोन वर्षांचं उत्पादन हेक्टरी सुमारे 1175 किलो वाळलेली मुळी असं वारंवार दिलं जातं. 60 बाय 30 सेंटिमीटर अंतराने हेक्टरात साधारण 55 हजार झाडं बसतात. म्हणजे झाडामागे 21 ग्रॅमच्या आसपास. मुळीत रिसर्पिनचं प्रमाण अंदाजे हजारात एक भाग. म्हणून एक किलो रिसर्पिनला एक टन मुळी, म्हणजे 47-48 हजार झाडं. त्या किलोतून पाव मिलिग्रॅमच्या 40 लाख गोळ्या होतात. रोज एक गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला वर्षाला चार-साडेचार झाडं येतात. तोच रुग्ण रोज एक ग्रॅम चूर्ण घेऊ लागला तर वर्षाला सतरा-अठरा झाडं लागतात. हे शेतातल्या, अंतर राखून वाढवलेल्या झाडांचे आकडे आहेत. रानातल्या झाडाकडून तेवढीही अपेक्षा धरता येत नाही. मुळी जितकी कच्च्या रूपात वापरावी तितकी झाडं जास्त जातात, ही बाब परंपरेच्या बाजूने बोलणाऱ्या आपण सगळ्यांनी मनावर घ्यायला हवी. शंभर वैदूंच्या बटव्यांना पुरणारं रान देशभरच्या कारखान्यांना पुरणार नाही.

आणि तसंच झालं. 1952 नंतर युरोप-अमेरिकेतून मागणी इतकी वाढली की पन्नाशीच्या दशकातच भारत सरकारला कच्च्या मुळीच्या निर्यातीला आळा घालावा लागला. परदेशी कंपन्या आफ्रिकेतल्या राऊवोल्फिया व्हॉमिटोरियाकडे वळल्या. ते चांगलं मोठं झाड असून त्याच्या मुळीत रिसर्पिनही जास्त असतं. तरी देशातली मागणी उरलीच. 1990 पासून सर्पगंधा ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे सीमेपलीकडे न्यायची तर परवाना लागतो. दक्षिणेकडच्या राज्यांत झालेल्या मूल्यांकनांत ती संकटग्रस्त ठरली आहे. कायदे सीमेवर काम करतात. गावच्या आठवडी बाजारात मुळी आणून विकणाऱ्या माणसाला ते दिसत नाहीत, आणि त्याला दोष देऊन काही साधतही नाही. पावसाळ्यानंतर हाताला काम नसलेल्या काळात ही मुळी त्याला रोख पैसा देते. उपटताना झाड दोन वर्षांचं आहे की सहा महिन्यांचं, त्यावर फळं पिकली आहेत की नाहीत, हे पाहण्याची सवड त्याला भावच देत नाही.

तुटवडा आला की भेसळ येते. मूळची अमेरिकेतली राऊवोल्फिया टेट्राफिला आपल्याकडे ओसाड जागी, बांधावर फोफावली आहे. तिची मुळी सर्पगंधा म्हणून सर्रास खपते. तिच्यातही रिसर्पिन असतं, पण इतर द्रव्यांचं प्रमाण वेगळं. पश्चिम घाटातल्या राऊवोल्फिया डेन्सिफ्लोराचीही अशीच मिसळ होते. जिवंत झाडात फरक सहज कळतो: टेट्राफिलाची पानं बहुधा चार-चारच्या वलयात आणि लहान-मोठी असतात. वाळलेल्या तुकड्यांत मात्र सूक्ष्मदर्शक लागतो. टेट्राफिलाच्या मुळीच्या सालीत दगडी पेशी दिसतात, सर्पगंधेच्या सालीत दिसत नाहीत. याशिवाय खोडाचे तुकडे मिसळणं ही साधी भेसळ आहेच. ज्या औषधाचा परिणाम थेट नाडीवर आणि मनावर होतो, त्याच्या प्रत्येक पुडीत वेगळाच माल असावा हे घातक आहे. माझ्या दृष्टीने लागवडीच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा हाच: शेतातून आलेली मुळी कोणत्या झाडाची, किती वयाची, कधी काढलेली हे सांगता येतं.

लागवड करायची तर पहिली अडचण बियांची. फळ एकदम पिकत नाही. आठवडेच्या आठवडे थोडी थोडी फळं काळी होत जातात आणि दर दोन-चार दिवसांनी वेचावी लागतात, नाहीतर पाखरं नेतात. गर काढून धुतलेलं बी कठीण कवचाचं असतं आणि त्यात पोचट बी फार. बी मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारं काढून टाकणं हा सोपा आणि खात्रीचा उपाय. बुडालेलं बी रात्रभर भिजवून पेरायचं. तेवढं करूनही साध्या बियाण्याची उगवण शंभरात दहा-वीसवर अडू शकते, आणि बी जुनं होईल तशी ती आणखी घसरते. इंदूरच्या कृषी महाविद्यालयात विकसित झालेल्या आर.एस.-1 या वाणाची प्रसिद्धी याचमुळे झाली: सात महिने ठेवलेलं बीही त्यात पन्नास-साठ टक्के उगवतं आणि दीड वर्षात हेक्टरी अडीच टनांपर्यंत वाळलेली मुळी मिळते, असं त्याचं वर्णन आहे.

रोपवाटिका अर्धसावलीत, मे महिन्यात घालावी. गादीवाफ्यात एक भाग कुजलेलं शेणखत किंवा पालापाचोळ्याचं खत आणि दोन भाग माती. हेक्टरभर लागवडीला पाच-सहा किलो बी लागतं. उगवण पंधरा-वीस दिवसांनी सुरू होते आणि महिना-सव्वा महिना रेंगाळते. घाईच्या माणसाचा इथेच धीर सुटतो. चार-सहा पानांची, सहा-सात आठवड्यांची रोपं पावसाचा जम बसल्यावर शेतात लावतात.

फाटे किंवा मुळ्यांचे तुकडे लावूनही झाड येतं, आणि मुळीच्या दीड-दोन इंची तुकड्याला वर थोडं खोड ठेवून लावलेले ठोंब तर जवळजवळ सगळे जगतात. बियांची कटकट टाळायला शेतकरी या वाटेने जातो. पण मघाशी ज्या 1175 किलोंचा उल्लेख केला त्याच तुलनेत मुळीच्या तुकड्यांपासूनच्या पिकाने 345 आणि फाट्यांच्या पिकाने अवघं 175 किलो उत्पादन दिलं होतं. फाट्याला सोटमूळ फुटत नाही, बारीक तंतुमुळंच जास्त येतात. म्हणून घरच्या बागेत दोन-चार झाडं हवी असतील तर ठोंब लावावेत. विकायचं असेल तर बियांना पर्याय नाही.

जमीन भुसभुशीत, सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेली, पाण्याचा निचरा होणारी हवी. कोकणातली किंचित आम्ल माती तिला चालते. चिकणमातीत मुळी खोल जात नाही आणि काढताना तुटते. अगदी हलक्या रेताडात तिचं वजन भरत नाही. पाणी साचलं की मूळकूज आलीच. सुरुवातीचे काही महिने तण काढत राहावं लागतं, कारण झाड मंद वाढतं. पावसाळा संपल्यावर महिन्यातून एकदा आणि उन्हाळ्यात पंधरा दिवसांनी पाणी पुरतं. पानांवर करपा, मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी, आणि कन्हेरीवर येणारी मोठी हिरवी अळी हे ओळखीचे शत्रू. इंदूरकडच्या प्रयोगांत पहिल्या खरिपात सोयाबीन आणि रब्बीत लसूण असं आंतरपीक घेऊन मुळी तयार होईपर्यंतचा काळ भरून काढला जातो.

काढणी अठरा महिन्यांनी करता येते. दोन-अडीच वर्षं थांबलं तर वजन वाढतं. वेळ थंडीची, पानं झडल्यावरची, कारण तेव्हा मुळीतली द्रव्यं सर्वाधिक असतात. आदल्या दिवशी हलकं पाणी द्यावं म्हणजे मुळी पूर्ण निघते. इथे एक गोष्ट बाजारातल्या मालात सतत बिघडलेली दिसते. मुळीतली जवळपास नव्वद टक्के अल्कलॉइड तिच्या सालीत असतात. घासून, सोलून, आपटून साफ केलेली मुळी गोरी दिसते आणि औषध गमावून बसते. माती पाण्याने हळुवार धुऊन, साल जपून, सावलीत वाळवून ओलावा आठ-दहा टक्क्यांवर आणावा आणि कोरड्या गोण्यांत ठेवावी. दमट हवेत बुरशी धरली तर दोन वर्षांची मेहनत एका पावसाळ्यात जाते.

हे सगळं शेतकऱ्याला परवडतं का, हा प्रश्न उरतो. शेतातल्या मुळीला रानातल्या मुळीशी स्पर्धा करावी लागते आणि रानातल्या मुळीच्या भावात फक्त उपटण्याची मजुरी असते, वाढण्याची दोन वर्षं नसतात. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ 2000 साली स्थापन झालं आणि लागवडीला अनुदानं मिळू लागली, पण रोपांवर दिलेलं अनुदान दीड-दोन वर्षांनंतरच्या विक्रीची हमी देत नाही. खरेदीदार आधी बांधून घेतल्याशिवाय एकरभर सर्पगंधा लावू नये, असंच मी कुणाही शेतकऱ्याला सांगेन. औषधी पिकांच्या मोठमोठ्या आश्वासनांनी आपल्याकडे पुरेसे संसार अडचणीत आणले आहेत. औषध कंपन्यांनी वाळलेल्या मुळीचा भाव तपासलेल्या अल्कलॉइडच्या प्रमाणावर ठरवला, तर शेतकऱ्याला थांबण्याचे पैसे मिळतील आणि भेसळ करणाऱ्याला बाजार उरणार नाही. तपासणीची साधनं आता दुर्मीळ नाहीत. कंपन्यांची इच्छा हवी.

कोकण-गोव्यात आणखी एक जागा आहे जी मला शेतापेक्षा जास्त योग्य वाटते. नारळ-सुपारीच्या कुळागरात आणि काजूच्या बागांत जी अर्धसावली, पालापाचोळा आणि निचऱ्याची माती असते, ती सर्पगंधेच्या मूळ वस्तीशी पुष्कळ जुळते. तिथे ती मुख्य पीक नसेल, म्हणून दोन वर्षं थांबणंही जड जाणार नाही. बागेच्या कडेला वीस-पंचवीस गुंठ्यांत दरवर्षी एक तुकडा लावायचा आणि तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी एक तुकडा काढायचा, अशी पाळी बसवता येते.

रानातल्या सर्पगंधेचं काय करायचं हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने आता गावाकडे आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यातल्या गौण वनोपजाच्या व्याख्येत औषधी वनस्पती आणि मुळं स्पष्टपणे आहेत, आणि सामूहिक हक्क मिळालेली ग्रामसभा गोळा करण्याचे नियम स्वतः करू शकते. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने बांबूबाबत तो अधिकार बजावून दाखवला. सर्पगंधेबाबतचे नियम फार अवघड नाहीत: फळं पिकून गळण्याआधी झाड उपटायचं नाही, कोवळ्या झाडाला हात लावायचा नाही, दर काही वर्षांनी रानाचा एक भाग पूर्ण बंद ठेवायचा, आणि उपटलेल्या प्रत्येक झाडाचा मुळीसकट ठोंब, दोन इंचांचा का होईना, तिथेच ओल्या मातीत पुन्हा पुरायचा. काळी फळं वेचून रोपवाटिकांना विकण्याचा धंदाही ग्रामसभेला करता येईल. चांगल्या बियांची टंचाई हीच लागवडीतली सर्वांत मोठी अडचण आहे आणि ते बी आज फक्त रानात राहणाऱ्यांच्या हाताशी आहे. फळं वेचणाऱ्याला त्याच झाडापासून वर्षामागून वर्षं पैसा मिळत राहील. मुळी विकणाऱ्याला तो एकदाच मिळतो.